रायन डे यांचं प्ले कॉलिंग आणि कोच म्हणून झालेली वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायन डे प्रशिक्षक असलेल्या ओहायो स्टेट या अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघाच्या चाहत्यांत दर शनिवारी एकच भांडण असतं: हरलो तर प्ले कॉलिंगमुळे, जिंकलो तर खेळाडूंमुळे. ही उत्तरं त्या भांडणासाठी आहेत. कॉलेज फुटबॉल नव्याने बघणाऱ्यांनी पहिले दोन प्रश्न वाचावेत, बाकीच्यांनी थेट चौथ्यावर जावं.

प्ले कॉलिंग म्हणजे नेमकं काय करतात?

ऑफेन्सला, म्हणजे चेंडू हातात असलेल्या संघाला, दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. प्रत्येक डाऊनआधी कोणता प्ले (ठरलेली चाल) खेळायचा हे एक माणूस ठरवतो. सामन्यात असे साठ-सत्तर निर्णय होतात. एका कॉलमध्ये बरंच काही असतं: मैदानावर कोणते अकरा, त्यांची मांडणी कशी, स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) कोण जागा बदलणार, क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्याला) संरक्षण कसं द्यायचं, रिसीव्हर (पास झेलणारे) कुठे धावणार, आणि समोरची मांडणी भलतीच निघाली तर पर्यायी प्ले कोणता.

वेळ फार कमी असतो. आधीचा प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. कबड्डीतली एक चढाई ३० सेकंदांची असते, त्यावरून अंदाज बांधा. २०२४ पासून कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये थेट पोचतो, पण घड्याळावर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. म्हणजे हातात २५ सेकंद, आणि त्यातच खेळाडूंची अदलाबदलही उरकायची. कॉल उशिरा गेला तर क्वार्टरबॅकला समोरचा डिफेन्स वाचून प्ले बदलायला वेळच उरत नाही. टीव्हीवर ‘वाईट कॉल’ म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं खरं तर ‘उशिरा आलेला कॉल’ असतं.

तो हातातला मोठा कागद कसला असतो?

कॉल शीट. लॅमिनेट केलेला, चौकोनाचौकोनांत विभागलेला. सुरुवातीचे पंधराएक प्ले क्रमाने लिहिलेले. मग तिसऱ्या डाऊनचे वेगवेगळे रकाने: एक ते तीन यार्ड हवेत, चार ते सहा हवेत, सात किंवा जास्त हवेत. पुढे शेवटच्या वीस यार्डांसाठी वेगळा, गोललाइनसाठी वेगळा, शेवटच्या दोन मिनिटांसाठी वेगळा, आणि दोन गुणांच्या प्रयत्नासाठी राखून ठेवलेले दोन-तीन. त्याशिवाय चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगांपैकी कोणत्या रांगेवर) आहे तेही धरलेलं असतं. कॉलेजमध्ये दोन हॅशमध्ये ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जेमतेम साडेअठरा. त्यामुळे कॉलेजमध्ये मैदानाची एक बाजू खूप रुंद आणि दुसरी अरुंद होते, आणि एकच प्ले डाव्या हॅशवरून चालतो, उजव्यावरून अडकतो.

हा कागद आठवडाभर बसून तयार होतो. शनिवारी कॉल करणारा कोच त्यातून निवडतो, जागेवर नवीन काही रचत नाही. म्हणून ‘हा प्ले का नाही खेळला?’ याचं उत्तर बऱ्याचदा ‘त्या आठवड्यात शीटवरच नव्हता’ असं निघतं.

रायन डे कोण? त्यांच्याच कॉलिंगची एवढी चर्चा का?

न्यू हॅम्पशरच्या मँचेस्टर गावचे. न्यू हॅम्पशर विद्यापीठात क्वार्टरबॅक होते, तेव्हा तिथे ऑफेन्सची सूत्रं चिप केली यांच्याकडे होती. पुढे केलींच्याच हाताखाली फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को या एनएफएल संघांत क्वार्टरबॅक कोच झाले. २०१७ मध्ये तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक अर्बन मायर यांनी त्यांना ओहायो स्टेटला आणलं. २०१८ मध्ये मायर निलंबित असताना पहिले तीन सामने डे यांनी सांभाळले आणि तिन्ही जिंकले. २०१९ पासून ते मुख्य प्रशिक्षक आहेत.

२०२५ चा मोसम धरून त्यांची कामगिरी ८२ विजय, १२ पराभव. पण कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनविरुद्ध २ विजय, ४ पराभव. या दोन ओळींतच सगळं भांडण आहे.

स्वतः कॉल करत होते तेव्हा ऑफेन्स कसा होता?

उत्तम. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जस्टिन फील्ड्स, सी. जे. स्ट्राउड, रिसीव्हरमध्ये ख्रिस ओलावे, गॅरेट विल्सन, मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर. २०२० च्या मोसमाच्या उपांत्य फेरीत क्लेमसनला ४९-२८ ने हरवलं. २०२२ च्या ३१ डिसेंबरला जॉर्जियाविरुद्ध ४१ गुण केले, तेही त्या वेळच्या विजेत्यांविरुद्ध.

डे यांची खासियत पासिंगच्या रचनेत आहे. डिफेन्सच्या एकाच खेळाडूला दोन रिसीव्हरपैकी कोणाकडे जावं या पेचात टाकायचं, आणि तो ज्याला सोडेल त्याच्याकडे चेंडू द्यायचा. क्वार्टरबॅकला अर्धंच मैदान वाचावं लागतं, म्हणून तरुण मुलंही पटकन तयार होतात.

मग टीका कशावर?

प्लेच्या रचनेवर नाही. प्ले कोणत्या क्षणी निवडला, यावर. तीन प्रसंग नीट बघा.

जॉर्जियाविरुद्ध शेवटचा मिनिट, संघ ४२-४१ ने मागे. स्ट्राउड स्वतः २७ यार्ड पळाला आणि चेंडू जॉर्जियाच्या ३१ यार्डांवर आणला. तिथून पहिल्या डाऊनला रनचा (चेंडू फेकण्याऐवजी घेऊन पळायचा) कॉल गेला आणि एक यार्ड उलट गमावला. पुढचे दोन पास हुकले. तीन गुणांसाठीची ५० यार्डांची किक नोआ रगल्सने डावीकडे घालवली. ज्या हाताने संपूर्ण सामना चालवला त्याच्याकडून चेंडू काढून घेऊन किकरसाठी ‘सुरक्षित’ व्हायचं, ही खरी चूक. ५० यार्डांची किक कॉलेजमध्ये सुरक्षित नसते. दहा यार्ड जवळ आणली असती तर होती.

दुसरा, २०२३ चा मिशिगन सामना. पहिल्या हाफच्या शेवटी चेंडू मिशिगनच्या पस्तिशीच्या आसपास, चौथा डाऊन, जायचं थोडंच. घड्याळ वाहू दिलं आणि ५२ यार्डांची किक घेतली. हुकली. सामना ३०-२४ ने गेला.

तिसरा प्रसंग विजयाचा आहे, पण सगळ्यांत बोलका. सप्टेंबर २०२३, नोत्र दामविरुद्ध १७-१४. शेवटच्या सेकंदाला एका यार्डावरून चिप ट्रेयनम घुसला (समोर नोत्र दामचे दहाच खेळाडू होते, हे नंतर कळलं). सामना संपताच डे कॅमेऱ्यासमोर नोत्र दामचे माजी प्रशिक्षक लू होल्ट्झ यांच्यावर बरसले, कारण होल्ट्झ म्हणाले होते की ओहायो स्टेट अंगाबळात कमी पडतं. त्या दिवशी दिसलं की ‘तुम्ही मऊ आहात’ हा टोमणा डे यांना खोलवर लागतो. २०२१ पासून मिशिगन हेच म्हणत होतं, आणि मिशिगनविरुद्धच्या कॉल शीटमध्ये त्या टोमण्याचं उत्तर द्यायचा हट्ट शिरत गेला.

आमचं मत इथेच सांगून टाकतो: डे यांचं दुखणं प्ले कॉलिंगचं नव्हतं, कोणाला काय सिद्ध करून दाखवायचं याचं होतं.

२०२४ मध्ये कॉलिंग का सोडलं?

मुख्य प्रशिक्षकाच्या डोक्यावर डिफेन्स, किकिंग, टाइमआउट, चौथा डाऊन आणि ऐंशीहून जास्त शिष्यवृत्तीधारक मुलं असतात. कॉल करणारा मात्र डिफेन्स मैदानात असताना बाकावर बसून पुढच्या चढाईचा विचार करतो. दोन्ही एकदम करणारे आहेत, टेक्सासचे स्टीव्ह सार्किसियन हे नेहमीचं उदाहरण. पण त्याची किंमत मोजावी लागते.

आधी बिल ओ’ब्रायन यांना आणलं. ते काही आठवड्यांतच बॉस्टन कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले. मग चिप केली यूसीएलएचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून आपल्याच जुन्या विद्यार्थ्याच्या हाताखाली आले. या खेळात असं सहसा घडत नाही. केलींना पुन्हा फक्त ऑफेन्स चालवायचा होता, डे यांना विश्वासाने कागद सोपवता येईल असा माणूस हवा होता.

केली कॉल करत होते, तरी मिशिगनकडून १३-१० ने कसे हरले?

या पानावर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. ३० नोव्हेंबर २०२४, कोलंबस, ओहायो स्टेटला वीसच्या आसपास गुणांनी पुढे धरलेलं.

आधी लाइनची (क्वार्टरबॅकपुढे उभं राहून वाट अडवणाऱ्या पाच जणांची) अवस्था बघा. डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ऑरेगॉनला जखमी झाला होता. सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये टाचेच्या दुखापतीने संघाबाहेर गेला. गार्ड डोनोव्हन जॅक्सनला टॅकलवर सरकवलेलं, मधोमध कार्सन हिन्झमन. म्हणजे लाइन नेमकी मध्यभागी कच्ची.

आता मिशिगनची ताकद कुठे होती? नेमकी मध्यभागी. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघेही पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. उलट मिशिगनचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक (बाहेरच्या रिसीव्हरला राखणारा) विल जॉन्सन खेळतच नव्हता. आणि ओहायो स्टेटकडे बाहेरच्या बाजूला जेरेमाया स्मिथ आणि एमेका एग्बुका.

शाळकरी पोरानेही बाहेर फेका म्हटलं असतं. ओहायो स्टेट मधून पळत राहिलं: २६ रन, ७७ यार्ड, सरासरी तीनसुद्धा नाही. रन अडला की तिसऱ्या डाऊनला सात-आठ यार्ड हवेत, मग पास येणार हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक, मग विल हॉवर्डवर दबाव. त्याचे दोन पास मिशिगनने पकडले. जेडन फील्डिंगच्या दोन किक हुकल्या.

इथे लोक केलींना दोष देतात आणि डे यांना सोडतात, किंवा उलट. दोन्ही अर्धवट. एक-एक प्ले केलींनी निवडला, पण मिशिगनला त्यांच्याच बळाच्या जागी हरवायचं हे धोरण मुख्य प्रशिक्षकाचं असतं. तिसऱ्या क्वार्टरनंतर हेडसेटवरून ‘आता मधून पुरे’ एवढंच म्हणायचा अधिकार डे यांच्याकडे होता.

मग तीन आठवड्यांत असं काय बदललं?

प्लेबुक तेच. खेळाडू तेच. क्रम बदलला.

२१ डिसेंबरला प्लेऑफच्या (विजेतेपदासाठीच्या बाद फेरीच्या) पहिल्या सामन्यात टेनेसीविरुद्ध सुरुवातीपासून पास, रन त्याच्या मागून. डिफेन्सचे सेफ्टी (सगळ्यांत मागचे राखणदार) मागे सरकले की मध्ये सहाच जण उरतात, आणि मग तोच मधला रन चालू लागतो. ४२-१७. स्मिथच्या नावावर १०३ यार्ड आणि दोन टचडाऊन. १ जानेवारीला रोझ बोलमध्ये ऑरेगॉनविरुद्ध पहिल्याच चढाईत स्मिथला ४५ यार्डांचा टचडाऊन, आणि पाहता पाहता ३४-०. अंतिम ४१-२१.

उपांत्य फेरीत टेक्सासने मात्र स्मिथला दुहेरी पहारा लावला, त्याला जेमतेम एक पास मिळाला. त्या सामन्यातला एक कॉल जवळून बघा. पहिल्या हाफचे शेवटचे अर्धे मिनिट, टेक्सासने नुकतीच ७-७ बरोबरी केलेली. लांब पास येणार म्हणून टेक्सासचे लाइनमन क्वार्टरबॅकच्या अंगावर धावले, मागचे खेळाडू मागे हटले. हॉवर्डने चेंडू त्यांच्या डोक्यावरून हळूच ट्रेव्हिऑन हेंडरसनकडे टाकला. स्क्रीन. पुढे लाइनमनची भिंत, ७५ यार्ड, टचडाऊन. स्क्रीन तेव्हाच फळतो जेव्हा समोरचा तुमच्या पासला घाबरलेला असतो. मिशिगनविरुद्ध ती भीतीच निर्माण केली नव्हती.

त्याच सामन्यात दुसऱ्या बाजूचं उदाहरण आहे. टेक्सास एका यार्डावर, पहिला डाऊन. मध्ये काही मिळालं नाही म्हणून सार्किसियन यांनी दुसऱ्या डाऊनला बाहेरच्या बाजूने टॉस (बाजूला पळणाऱ्याकडे टाकलेला चेंडू) दिला, सात यार्ड उलट. चौथ्या डाऊनला ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातातला चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळत नेला. २८-१४. आडवा जाणारा प्ले गोललाइनवर धोक्याचा, कारण डिफेन्सला मागची जागा राखायचीच नसते. सगळे पुढे आणि बाजूला धावतात.

अंतिम सामन्यातला तो तिसरा डाऊन कोणाचा कॉल?

२० जानेवारी २०२५, अटलांटा. नोत्र दामविरुद्ध ३१-७ ची आघाडी ३१-२३ वर आलेली. तिसरा डाऊन, ११ यार्ड हवेत. रन करून घड्याळ घालवता आलं असतं. कॉल गेला खोल पासचा, स्मिथ एकास एक, ५६ यार्ड. मग किक, ३४-२३, विजेतेपद. प्ले केलींचा, पण तशा क्षणी फेकू द्यायला होकार डे यांचा. जॉर्जियाविरुद्धचा तो पहिला डाऊन आठवा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

हेड कोच कॉल करत नसेल तर शनिवारी करतो काय?

चौथ्या डाऊनला जायचं की किक, टाइमआउट कधी, रिव्ह्यू मागायचा का, शेवटच्या मिनिटांत वेग किती. ही कामं दिसत नाहीत, चुकली की मात्र दिसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑरेगॉनने शेवटी मुद्दाम बारावा खेळाडू उतरवला: दंड पाच यार्डांचा, पण त्या प्लेमध्ये चार सेकंद गेली. उरलेल्या सहा सेकंदांत हॉवर्ड पळाला, घसरला, आणि तेवढ्यात घड्याळ शून्यावर. ३२-३१. नियमातली ती फट काही दिवसांतच बुजवली गेली.

कॉल वाईट होता की खेळाडू चुकला, हे घरी बसून कसं ओळखायचं?

स्नॅपआधी पॉज करा. ऑफेन्सच्या एका टॅकलपासून (लाइनच्या टोकाचा खेळाडू) दुसऱ्यापर्यंत, त्यांच्या समोर पाच यार्डांपर्यंत किती डिफेंडर उभे आहेत ते मोजा. सहा असतील आणि रन दिला तर कॉल बरोबर, अडला तर कोणाचा तरी ब्लॉक सुटला. आठ असतील आणि तरी मधून रन, तर कॉल चुकला, किंवा क्वार्टरबॅकने बदलायला हवा होता. मग प्ले क्लॉक बघा: स्नॅप दोन-तीन सेकंद उरले असताना होत असेल तर कॉल उशिरा येतोय.

निकालासाठी साधा मापदंड वापरा. पहिल्या डाऊनला हवे त्याच्या निम्मे यार्ड मिळाले, दुसऱ्याला सत्तर टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, तर प्ले यशस्वी. एका हाफचे पहिल्या डाऊनचे प्ले वहीत लिहून काढले तरी पुरे. बहुतेक सामन्यांचं कॉलिंग पहिल्या डाऊनवरच कळतं. तिसऱ्या डाऊनवर आरडाओरडा करणारे एक प्ले उशिरा ओरडतात.

२०२५ मध्ये काय झालं?

केली रेडर्सकडे गेले. कॉल शीट ब्रायन हार्टलाइन यांच्याकडे आली. तोवर ते रिसीव्हर घडवणारे म्हणून नावाजलेले. नवा क्वार्टरबॅक जूलियन सेयिन. साखळीचे बाराही सामने जिंकले.

२९ नोव्हेंबरला ॲन आर्बरला बर्फात मिशिगनवर २७-९. त्यात एक क्षण: चौथा डाऊन, पाच यार्ड हवेत, मिशिगनच्या ३५ वर. २०२३ मध्ये जवळपास याच जागेवरून किक घेतली होती. या वेळी पास, स्मिथ, टचडाऊन. डे यांच्यात फरक पडला का, याला यापेक्षा नेमकं उत्तर सापडणार नाही.

आठवड्याने बिग टेन या आपल्या लीगच्या अंतिम सामन्यात इंडियानाने १३-१० ने हरवलं. पाच यार्डांवर चौथा डाऊन, एक यार्ड हवा. सेयिनचा स्नीक (क्वार्टरबॅकने स्वतः मधून घुसणं) पंचांनी मैदानावर पुरेसा ठरवला आणि रिव्ह्यूत उलटला. शेवटी २७ यार्डांची किकही हुकली. हा पराभव कॉलिंगवर ढकलणं आम्हाला पटत नाही.

आणि मियामी?

हार्टलाइन साउथ फ्लोरिडाचे मुख्य प्रशिक्षक झाले, म्हणून प्लेऑफसाठी कॉलिंग पुन्हा डे यांच्या हाती आलं. ३१ डिसेंबरला कॉटन बोलमध्ये २४-१४ ने पराभव. दुसऱ्या क्वार्टरमध्ये बाजूला टाकलेला एक आखूड पास कियॉन्टे स्कॉटने आधीच ओळखला आणि ७२ यार्ड नेऊन टचडाऊन केला. वर टेक्सासविरुद्धच्या स्क्रीनचं कौतुक केलं. हा त्याच नाण्याचा खोटा शिक्का. डिफेन्सला खोल पासची धास्ती नसेल तर आखूड पासवर तो झडप घालतो. साडेतीन आठवडे खेळ नाही, मध्येच कॉल करणारा बदललेला, हे कारण आहे. सबब म्हणून किती चालवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

भारतातून बघायचं तर किती वाजता?

मिशिगनचा सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, तिथे दुपारी बाराला. तोवर अमेरिकेची घड्याळं मागे गेलेली असतात, म्हणून आपल्याकडे रात्री साडेदहा. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला दुपारी बाराचा सामना साडेनऊला. तिथे रात्री साडेसातला असलेला सामना मात्र रविवारी पहाटे पाचला, नोव्हेंबरमध्ये सहाला.

एकच सामना पुन्हा बघायचा तर कोणता?

१३-१० चा मिशिगन सामना. दुखेल, पण फक्त पहिले डाऊन बघा, बाकी पुढे ढकला. मग लगेच टेनेसीचा पहिला क्वार्टर लावा.